मुंग्यांची रसद कुठून येते?

ही मुंगी जेमतेम 4 मिलिमीटरची. पिवळसर अंग, काटकुळे लांब पाय. डिवचलं की सैरावैरा धावत सुटते, म्हणून नाव पडलं पिवळी वेडी मुंगी. ती डंख मारत नाही. पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल फवारते.

समोरचा लाल खेकडा तिच्या शेकडोपट मोठा. हे हिंदी महासागरातलं, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं ख्रिसमस बेट. आम्ल खेकड्याच्या डोळ्यांवर, पायांच्या सांध्यांत पडतं. आधी तो आंधळा होतो, मग जागीच खिळतो आणि दोनेक दिवसांत मरतो. असे कोट्यवधी खेकडे गेले. जंगलातली रोपटी आणि पाचोळा खाणारेच उरले नाहीत, त्यामुळे झाडांखाली रान माजलं.

मुंगी इथे पोचली 1915 ते 1934 च्या दरम्यान, पण पहिली महावसाहत नोंदली गेली 1989 मध्ये. महावसाहतीत शेजारच्या वारुळांशी भांडण नसतं. एकेका वारुळात अनेक राण्या. नवी राणी कामकरी मुंग्यांसह चालतच पलीकडचं बीळ गाठते. जमिनीवर चौरस मीटरला दोन हजारांच्या घरात मुंग्या!

एवढ्या तोंडांना खाऊ कोण घालतं? वर बघा. फांदीला चिकटलेली ही पिवळी लाखकीड, आपल्या लाखेच्या किड्याची भावकीच. तीही बाहेरून आलेली. झाडाचा रस शोषून ती गोड चिकटा टाकते. मुंग्या तो पितात आणि किडीची राखण करतात. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. आंबा बागायतदारांना हे सांगायला नको.

2002 आणि 2009 मध्ये हेलिकॉप्टरने आमिष टाकलं. मासळीच्या भुकटीत किलोमागे फक्त 0.1 ग्रॅम फिप्रोनिल. मात्रा कमी, कारण कामकरी मुंगी वाटेतच मेली तर विष राणीपर्यंत पोचत नाही. पण हे आमिष नारळखेकड्यांनाही आवडतं, आणि तेही मरतात. शिवाय चिकटा तसाच राहिल्याने मुंग्या पुन्हा वाढतात.

मग संशोधकांनी झाडांवरची वाट अडवली. चार आठवड्यांत जमिनीवरची मुंग्यांची वर्दळ 95 टक्क्यांनी घटली. म्हणून डिसेंबर 2016 मध्ये मलेशियातून एक परोपजीवी मित्रकीटक आणून सोडला. लांबी सुमारे 2 मिलिमीटर. मादी लाखकिडीत अंडी घालते, अळी किडीला आतून खाते.

परिणाम तपासायची पद्धत साधी आहे. जमिनीवर पांढरं कार्ड ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि 30 सेकंदांत त्यावर किती मुंग्या येतात ते मोजायचं.