सोफ्याची उसवलेली शिवण

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो.

आज सोफ्याबद्दल बोलू. नवा कोणता घ्यावा हे नाही सांगणार. घरातल्याची शिवण उसवली तर काय करायचं, एवढंच. सोफा उसवतो तो ठरलेल्या जागी. घरातल्या एका माणसाची एक जागा असते ना, तिथंच.

आधी वाकून नीट बघा: दोरा तुटलाय की कापड फाटलंय? दोरा तुटला असेल तर अर्ध्या तासाचं काम. कापड फाटलं असेल तर आतून ठिगळ लागतं. दोरा की कापड, हे आधी बघा. मी कशाचाच विचार केला नव्हता, म्हणून तर पुढचं रामायण घडलं.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दुपारी चारला केर काढताना दिसलं, बैठकीची पुढची शिवण वीतभर उसवलीय आणि पिवळा फोम बाहेर डोकावतोय. पाचला बायका येणार. शिवणाच्या डब्यात धड दोरा नाही. कपाटावर मात्र लेकाकडून काढून घेतलेला नायलॉन मांजाचा गट्टू होता. आता हा मांजा घरात आलाच कसा, यावर मी वेगळं भाषण देऊ शकते. बंदी आहे, पक्ष्यांचे पंख कापतात, दुचाकीवाल्यांचे गळे कापतात, तरी पोरांना मिळतोच! येवल्याला मामेभावंडं आसारीवर साधा सुती मांजा गुंडाळून पतंग उडवायची, त्यांचं काय अडलं होतं? असो.

मी म्हटलं, तुटत नाही ना, मग चांगलाच. ओवला सुईत आणि अगदी काठाला धरून, बारीक बारीक टाके घालत दहा मिनिटांत शिवून मोकळी झाले.

पाचला बायका आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नेमक्या तिथं बसल्या. मी करंडा घेऊन पुढे झाले, त्या तिळगुळासाठी वाकल्या आणि टर्रर्र! माझी शिवण शाबूत, पण तिच्या शेजारचं कापड सरळ रेषेत फाटलेलं. सगळ्या गप्प. काकूंनी काय करावं? पदर नीट पसरून फाटलेल्या जागेवर घेतला आणि तासभर जागच्या हलल्या नाहीत. दुसरीनं अत्तर लावायला बोलावलं तर म्हणाल्या, "इथंच लाव गं बाई, आज गुडघे धरलेत." शेवटची बाई वाण घेऊन गेल्यावर उठल्या. वाणात मी प्लास्टिकचे डबे दिले होते. प्रत्येकीच्या घरी असले वीस असतात, तरी आपण एकविसावा देतो!

दुसऱ्या दिवशी मामा आला. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं छापतात ना, तिथून तो निवृत्त झालाय. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "अगं, तू शिवलं नाहीस. तिकिटाला पाडतात तशी भोकं पाडलीस. फाडायला सोयीची!"

तर टाके फार जवळ नकोत आणि अगदी काठालाही नकोत. आणि दोरा कापडाहून चिवट, कापणारा नको. ताण आला तर दोरा तुटावा, कापड नाही. दोरा पुन्हा घालता येतो.

मामानं मांजा ब्लेडनं उसवला. फाटल्या जागी आतून जुन्या जीन्सचा तुकडा सरकवून कापडाच्या गोंदानं चिकटवला, रात्रभर वाळू दिला. मग जाड पॉलिस्टरचा दोरा घेतला. खिडकीतल्या उन्हात सुती दोरा लवकर कुजतो. दोरा मेणबत्तीवरून ओढला की गुंता होत नाही. सुई वाकडी हवी, कारण सोफ्याच्या आत हात जात नाही. सुई वरूनच घालायची, वरूनच काढायची. मिळाली नाही तर साधी सुई पक्कडीत धरून गॅसवर लाल करा आणि वाकवा. थंड वाकवलीत तर मोडेल. दाभण नको, भोक मोठं पडतं.

उसवल्याच्या दोन बोटं आधी सुरुवात. गाठ आत. दोन्ही कडा आत दुमडा. एका घडीच्या आतून अर्धा सेंटिमीटर सुई चालवा, बाहेर काढा, बरोबर समोरच्या घडीत घाला, तिथंही तेवढंच चाला. समोरासमोर, पुन्हा समोरासमोर. शिडीसारखं दिसेल. चार-पाच टाके झाले की दोरा शिवणीच्या दिशेनं ओढा, स्वतःकडे नाही. शिडी मिटते, टाका दिसेनासा होतो. शेवटीही दोन बोटं पुढे जाऊन थांबा. रेक्झिन असेल तर जुन्या भोकांतूनच सुई घाला. नवी भोकं पाडाल तर माझ्यासारखं तिकीट होईल. आणि गादीच्या खोळीला चेन असेल तर एवढा खटाटोप कशाला? खोळ काढा, उलटी करा, मशीनवर टीप मारा.

यंदाच्या हळदीकुंकवाला काकू आल्या. आधी शिवणीवरून बोट फिरवलं, मग अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या.