जोडीदारासोबत राहायला जाताय? आधी युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब मांडा

नमस्कार. इंग्लंडमध्ये एकटीनं किंवा एकट्यानं मूल वाढवताय, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना दरमहा मिळणारा सरकारी भत्ता) चालू आहे, आता आयुष्यात कुणीतरी आलंय आणि एकत्र राहायचं ठरतंय. आनंदाचीच गोष्ट आहे. पण सामान हलवायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा. एका घरात जोडपं म्हणून राहायला लागलात की तुमच्या एकटीच्या पगारावर काही ठरत नाही, दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. लग्न झालेलं नसलं तरी आणि मूल त्याचं नसलं तरीही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट म्हणजे "तो आठवड्यातून तीन रात्री राहिला तर चालतं, जोडपं धरत नाहीत." असा नियमच नाही. कुणी रात्री मोजत बसत नाही. त्याचं दुसरं घर खरंच आहे का, त्याची पत्रं कुठे येतात, किराणा आणि बिलं कोण भरतं, मुलांचं कोण बघतं, चारचौघांत तुम्ही जोडपं म्हणून वावरता का, असं सगळं मिळून बघतात. खोली भाड्यानं घेऊन राहणारा माणूस जोडीदार ठरत नाही, पण त्याचा करार लेखी असू द्या आणि भाडं बँकेतून घ्या.

आता हिशेब. दर २०२५-२६ चे, वय २५ च्या पुढे.

(स्क्रीनवर आकडे)

एकटी आई, एक मूल, घरभाडं ९०० पौंड. मूळ भत्ता ४००.१४, मुलाचे २९२.८१, भाड्याचे ९००. झाले १५९२.९५. तिचा हातात येणारा पगार १०००. त्यातले पहिले ४११ सोडून देतात, उरलेल्याचे ५५ टक्के कापतात, म्हणजे ३२३.९५. तिला मिळतात १२६९ पौंड.

आता १८०० पगाराचा जोडीदार आला. मूळ भत्ता ६२८.१० होतो, मुलाचे आणि भाड्याचे धरून १८२०.९१, पण ४११ ची सूट दोघांत मिळून एकदाच. २८०० मधून ४११ गेले, उरलेल्याचे ५५ टक्के १३१३.९५. मिळणार ५०६.९६. महिन्याला ७६२ पौंड कमी! हे ७६२ त्याच्या पगारातून घरात येणार आहेत का, हे त्याच्याशी आधीच स्पष्ट बोला. कायदा तो पैसा घरात आला असंच धरून चालतो.

तारखेचं नीट ऐका. समजा तुमचा असेसमेंट पीरियड, म्हणजे ज्या महिन्याचा हिशेब धरतात तो, १२ तारखेपासून पुढच्या ११ पर्यंत आहे. तो १० तारखेला राहायला आला, तर फक्त शेवटचे दोन दिवस नाही, मागच्या १२ पासूनचा अख्खा महिना तुम्ही जोडपं होतात असं धरतात. मधे २८ ला झालेला त्याचा पगारसुद्धा त्यात येतो. तोच १२ ला आला तर तो महिना वाचला. यायची तारीख तुम्ही ठरवू शकता, पण आलेला माणूस आला नाही असं सांगू शकत नाही.

आला की त्याच दिवशी ऑनलाइन अकाउंटमध्ये बदल कळवा. त्याला स्वतःचं अकाउंट काढावं लागतं, मग कोड टाकून दोन्ही जोडायची. अडतं ते पुढे: क्लेमंट कमिटमेंट, म्हणजे पैशांच्या बदल्यात काय करायचं याचा करार, दोघांनीही मान्य करायची असते, त्यानं टाळलं तर तुमचेही पैसे थांबतात. पाठवलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. जादा आलेली रक्कम ऑफिसच्या चुकीनं आली असली तरी परत मागता येते.

बचतही दोघांची एकत्र. १६,००० पौंडांच्या वर गेली की काहीच मिळत नाही. आपल्या लोकांचं इथे हमखास चुकतं, कारण भारतातली एफडी आणि पुण्यातला त्याच्या नावावरचा फ्लॅटही यात येतो. फ्लॅटमध्ये पेन्शनच्या वयाचे आईवडील राहत असतील तर तो सोडून देतात.

त्याच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घ्यायला मनाई) असेल तर फटका आणखी मोठा. भत्ता एकटीचाच राहतो, पगार मात्र त्याचाही धरतात. वरच्या उदाहरणात मग २७९ पौंडच उरतात.

घरात तुम्ही एकट्याच मोठ्या आहात म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये (घरावरच्या स्थानिक करात) २५ टक्के सवलत मिळत असेल तर तीही जाते, आणि कौन्सिलला वेगळं कळवावं लागतं. चाइल्ड बेनिफिट (मुलासाठीचा वेगळा भत्ता) चालूच राहतं, पण त्याचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या वर असेल तर कर त्याला भरावा लागतो, ८०,००० ला सगळंच परत जातं. मुलाच्या वडिलांकडून येणारी पोटगी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये धरत नाहीत, आधीही नाही आणि आताही नाही. ती बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शेवटची गोष्ट बायकांसाठी. जोडप्याचे पैसे एकाच खात्यात येतात. फॉर्म भरताना खातं विचारतात, तिथे तुमचं खातं द्या, मुलाचा खर्च तुमच्या हातून होतो. आणि पुढे तो पैसे अडवायला लागला, धाक दाखवायला लागला, तर वर्क कोचला (जॉबसेंटरमधल्या तुमच्या अधिकाऱ्याला) 'स्प्लिट पेमेंट' हवंय म्हणून सांगा. रक्कम दोन खात्यांत वाटून मागता येते.