पोळ्याच्या आत यादी झाली पाहिजे

माता-पालकहो, निकालपत्रकं तुमच्या हातात आहेत, पोरांचं कौतुकही करून झालं. आता मला दिवाळीबद्दल बोलायचं आहे. एक मेला दिवाळी कशाला काढता, असं कुणी म्हणेल. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावांत शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीला मोडतं. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात, पोरं त्यांच्याबरोबर जातात. पटावर नाव राहतं, बाकावर पोर नसतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, तुम्ही गावी येता, तेव्हा आमची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते.

असाच चौथीतला एक मुलगा परवा भेटला. ट्रॉलीत उसाच्या मोळ्या कशा रचतात, एका थरात किती, एकूण किती, सगळं त्यानं बोटं न मोजता तोंडी सांगितलं. मग पाटीवर हातच्याची वजाबाकी दिली, तर पेन्सिल धरून तसाच बसून राहिला. पोर हुशार आहे हो! पण सगळा हंगाम त्यानं वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधल्या, वही उघडलीच नाही. मुलींचं तर त्याहून अवघड. आईबाप उसाच्या फडात गेले की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला थोरलीच थांबते, आणि एकदा दोन-तीन हंगाम असे गेले की वर्गातल्या लहान पोरांत बसायची तिला लाज वाटू लागते. मग शाळा सुटते ती कायमचीच.

यावर हंगामी वसतिगृहाची सोय आहे. नाव वसतिगृह असलं तरी पोर गावातच, आजीजवळ किंवा चुलत्याकडे राहतं. दुपारी शाळेत जेवतं आणि सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची व्यवस्था योजनेतून होते. पण प्रस्ताव जातो तो नावांच्या यादीवर. टोळी निघाल्यावर यादी करायला बसलो तर निम्मा हंगाम कागदातच जातो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, तर तुम्ही पावसाळ्यातच घेता. टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलणी होतात त्याच आठवड्यात घरात हेही ठरवा, की कोणतं पोर मागं राहणार आणि कुणाजवळ. म्हणून मी म्हणतो, पोळ्याच्या आत यादी झाली पाहिजे. म्हातारीला झेपेल का, हे तिलाच विचारा. तिच्या जिवावर आपण परस्पर ठरवू नये.

ज्यांना पोर न्यावंच लागतं, त्यांना मी दोष देणार नाही. तान्हं लेकरू कुणाजवळ ठेवणार? पण शाळेत जाणारं पोर बरोबर असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते कार्ड दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत पोराला बसवा. दाखला नाही म्हणून पोराला परत पाठवता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलं आहे. कुणी अडवलं तर तिथूनच मला फोन लावा. रात्री लावलात तरी चालेल.

त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक सांगितले आहेत, आणि निम्म्या जागा बायांच्या. तरी बैठकीला बाया दारापाशी उभ्या राहतात आणि सही करून जातात. हे मला खटकतं. कोणत्या घरची पोर कोपीवर अडकणार, हे आईइतकं कुणाला माहीत असतं? जूनच्या बैठकीत आयांनी पुढं बसावं आणि बोलावं.

सुट्टीचं एकच काम सांगतो. गेल्या वर्षीची पुस्तकं पोरांजवळ आहेत. रोज सकाळी ऊन चढायच्या आत, लिंबाखालच्या पारावर, मोठ्यानं एक पान वाचून घ्यायचं. ज्या आईला वाचता येत नाही तिनंही शेजारी बसावं. पोर अडखळलं तर ऐकणाऱ्याला कळतंच.

ओट्यावर वही ठेवली आहे. औंदा कारखान्याला जाणार असाल तर पोराचं नाव, इयत्ता आणि मागं कोण सांभाळणार ते लिहा. ठरलं नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा, आम्ही आषाढात घरी येऊन विचारू. लिहिता येत नसेल तर मॅडम शेजारीच बसल्या आहेत, त्यांना सांगा.