तळातल्या टीममध्ये काय शिल्लक असतं? सिम हॉकी लीगचा अर्धा हंगाम कसा वाचायचा

नमस्कार मंडळी.

३ जानेवारी २०१९. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये तेव्हा ३१ संघ होते, आणि त्या दिवशी सकाळी सेंट लुईस ब्लूज एकतिसाव्या नंबरवर होते. ३७ सामने झालेले. १५ जिंकले, १८ हरले, ४ जादा वेळेत हरले. गुण ३४. पुढं १२ जूनला याच संघानं बॉस्टनमध्ये जाऊन अंतिम मालिकेतला सातवा सामना ४-१ असा मारला आणि स्टॅनली कप घरी नेला. १९६७ पासून लीगमध्ये असलेल्या या संघाचा तो पहिला कप.

मग जानेवारीत त्या संघात असं काय होतं, जे गुणतक्त्यात दिसत नव्हतं? आजचा व्हिडिओ त्यावर आहे. आणि तो आत्ताच करतोय, कारण आपल्या सोलापूरच्या सिम लीगचा, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या हॉकी लीगचा, हंगाम अर्ध्यावर आलाय. आपण ऑक्टोबरमध्ये सुरू करतो, त्यामुळे अर्धा हंगाम म्हणजे गड्ड्याचे, जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. होम मैदानावर पाळणे लागतात आणि इकडे लीगमधले तळातले दोघं-तिघं गप्प होतात. लाइन्स पाठवत नाहीत, फोन उचलत नाहीत. परवा अशोक चौकातला आपला एक दोस्त मला सरळ म्हणाला, "काय राहिलंय बे माझ्या टीममध्ये? देऊन टाक दुसऱ्या कुणाला तरी."

मी त्याची टीम उघडून बसलो. राहिलंय. चांगलं राहिलंय. आणि तो एकटा नाही, दरवर्षी कुणी ना कुणी याच महिन्यात हात टेकतो. सिम लीग मरते ती अशीच. आधी तळातली एक टीम रिकामी होते, मग तिच्याशी ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करायला कुणी उरत नाही, मग दुसरी रिकामी होते. मला हे होऊ द्यायचं नाहीये.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. सोलापुरात बर्फाचं मैदान नाही. भारतात हा खेळ रुजला तो लडाखसारख्या थंड मुलखात, आणि २०२५ मध्ये आपल्या महिला संघानं आशिया कपमध्ये कांस्यपदकही मिळवलं. पण सिम लीगला लॅपटॉप पुरतो. फ्रँचाइज हॉकी मॅनेजर, ईस्टसाइड हॉकी मॅनेजर, एसटीएचएस असे सिम्युलेटर आहेत. प्रत्येकाकडे एक संघ, तुम्ही त्याचे जनरल मॅनेजर. खेळाडूंना रेटिंग असतात: स्केटिंग, पासिंग, शूटिंग, बचाव. तुम्ही लाइन्स लावता, म्हणजे कोण कुणाबरोबर बर्फावर उतरणार ते ठरवता. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, रात्री सिम चालवतो, सकाळी निकाल. हातात कंट्रोलर घेऊन कुणी खेळत नाही. सॉफ्टवेअर रेटिंग घेतं आणि फासे टाकतं.

फासे हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गुणांचा हिशोब सोपा आहे. जिंकलं की २. हरलं की शून्य, पण ६० मिनिटांत बरोबरी होऊन नंतर हरलं तर १. आपला हंगाम एनएचएलच्या धर्तीवर ८२ सामन्यांचा ठेवलाय, म्हणून ४१ ला अर्धा.

(पडद्यावर: एका सामन्याचा तपशील)

आता हा सामना बघा. आपल्या दोस्ताची टीम. निकाल: एका गोलनं हार. बहुतेक जण इथंच थांबतात आणि खिडकी बंद करतात. तुम्ही खाली या, शॉट्सच्या ओळीवर. पहिल्या पिरियडमध्ये त्याचे शॉट्स जास्त. दुसऱ्यात समोरच्याच्या जवळजवळ दुप्पट. तिसऱ्यात पण जास्त. गोल मात्र एक. समोरच्यानं थोडक्या शॉट्समध्ये दोन मारले आणि सामना नेला. याच्या आधीचा सामना उघडला, तीच गत. त्याच्या आधीचा, पुन्हा तीच. ही टीम गुणतक्त्यात तळाला आहे आणि शॉट्सच्या तक्त्यात वरच्या अर्ध्यात आहे. एवढी मोठी गोष्ट समोर पडलीय आणि ज्याची टीम आहे त्यालाच ती माहीत नाही!

याचं मोल किती, ते हिशोबानं दाखवतो. समजा एक टीम सामन्याला ३० शॉट्स मारते. ४१ सामन्यांत झाले १,२३०. हॉकीत साधारण दहातला एक शॉट आत जातो. म्हणजे १२३ गोल व्हायला हवेत. पण तुमचे साडेआठ टक्केच गेले, तर गोल होतात १०५ च्या आसपास. १८ गोल कमी. हॉकीत ढोबळ मानानं ६ गोलांचा फरक म्हणजे एक विजय धरतात. म्हणजे तीन विजय गेले, ६ गुण गेले. तक्त्याच्या मध्यावर ६ गुणांत किती टीम बसतात ते आपल्याच लीगमध्ये मोजून बघा.

आणि हे १८ गोल निव्वळ फाशांनी जाऊ शकतात. १,२३० वेळा फासा टाकला आणि प्रत्येक वेळी दहातली एक संधी असली, तरी अपेक्षित आकड्यापासून दहा-अकरा गोल इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. ३२ टीमच्या लीगमध्ये एखाद-दुसऱ्या टीमच्या वाट्याला १८ गोलांचा खड्डा येणार, हे गणितच आहे. ती टीम वाईट असायलाच हवी असं नाही.

पण थांबा. इथं स्वतःची समजूत घालून घेणंही सोपं असतं. शॉट्स आत जात नाहीत म्हणजे नशीब खराब, असं लगेच म्हणू नका. आधी रेटिंग बघा. पहिल्या दोन लाइन्समध्ये शूटिंगचे आकडेच लीगच्या सरासरीखाली असतील, तर ते नशीब नाही, ती तुमची टीम आहे. खऱ्या हॉकीतल्या मॅनेजरला ही सोय नसते. त्याला खेळाडूचा खरा दर्जा डोळ्यांनी आणि अनुभवानं ओळखावा लागतो. आपल्याकडे तो पडद्यावर लिहिलेला असतो, निदान बराचसा. रेटिंग चांगले आणि गोल कमी, हे दोन्ही एकत्र दिसलं तर मग मात्र खुश व्हा. दुसऱ्या अर्ध्यात फासे त्याच रेटिंगवरून पडणार आहेत.

यासाठी जाणकार लोक एक आकडा वापरतात, पीडीओ. आपल्या शॉट्सपैकी किती टक्के आत गेले आणि समोरच्याच्या शॉट्सपैकी किती टक्के आपल्या गोलीनं, म्हणजे गोलरक्षकानं, अडवले, यांची बेरीज. अख्ख्या लीगची सरासरी १०० च्या आसपास. तुमची ९७ असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि ती गळती शूटिंगची की गोलीची, हे वेगळं करून बघायचं.

उलटी बाजूही सांगतो, कारण वरच्या टीमवाल्यांना ती ऐकायला आवडत नाही. २०१३-१४ मध्ये कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचनं ११२ गुण मिळवले आणि आपला विभाग जिंकला. त्यांचा कोच पॅट्रिक रुआ वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. पण ती टीम मारायची त्यापेक्षा जास्त शॉट्स खायची. पुढच्याच हंगामात ९० गुण, विभागात शेवटून पहिली, प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, हुकली. तेव्हा आपल्या लीगमध्ये जी टीम आत्ता दुसऱ्या नंबरवर बसून शॉट्समध्ये मार खातेय, तिच्या मालकानं सावध राहावं. कोण ते मी सांगत नाही, त्याचं त्याला कळलंय.

आता गोली. सेंट लुईसचं उत्तर इथं आहे, निदान मोठा भाग तरी. कोच त्यांनी नोव्हेंबरमध्येच बदलला होता, माइक योच्या जागी क्रेग बेरुबी आले होते. पण ७ जानेवारी २०१९ ला फिलाडेल्फियात त्यांनी जॉर्डन बिनिंग्टनला पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलमध्ये उभं केलं. वय २५. २०११ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, तिसऱ्या फेरीतला. इतकी वर्षं खालच्या लीगमध्ये घासत होता. त्या रात्री ३-०, एकही गोल खाल्ला नाही. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर २४ विजय होते आणि साठ मिनिटांत हरलेले सामने फक्त ५. तो माणूस डिसेंबरमध्येसुद्धा त्याच क्लबकडे होता. बाहेरून आणला नव्हता!

म्हणून तुमची फार्म टीम, म्हणजे खालच्या लीगमधला तुमचा राखीव संघ, उघडा. मी आपल्या लीगमधल्या तळातल्या टीम बघितल्या, त्यांतल्या एकीनं हंगामभर एकच गोली राबवलाय. त्याच्या मागं खाली बसलेल्या पोराचं रेटिंग त्याच्याएवढंच आहे. काही सिम्युलेटरमध्ये गोलीला थकवाही येतो. एकदा बदलून बघायला ट्रेड लागत नाही, पैसा लागत नाही. लाइन्सच्या पानावर दोन क्लिक.

पॉवर प्लेबद्दल लांबण लावत नाही. समोरच्याचा माणूस शिक्षेवर बाहेर बसलेला असताना पाचातल्या एका संधीवर गोल झाला, की बरं चाललंय समजायचं. तुमचं त्याहून बरंच खाली असेल आणि समोरच्याला शिक्षा भरपूर मिळत असतील, तर संधी आहेत, माणसं चुकीची लावलीयत. हे सगळ्यांत लवकर सुधारतं.

खरी गंमत पोरांची आहे, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी इथंच वाटते.

सॅन होजे शार्क्स २०२३-२४ मध्ये ४७ गुणांसह लीगमध्ये शेवटचे. जून २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिला म्हणून मॅकलिन सेलेब्रिनीला घेतलं. पुढच्या हंगामात काय झालं? संघ ५२ गुणांवर पुन्हा शेवटचाच राहिला. पण अठरा वर्षांच्या त्या पोरानं ७० सामन्यांत २५ गोल आणि ३८ असिस्ट (गोलला दिलेला पास) असे ६३ वैयक्तिक गुण काढले. नुसता तक्ता बघणाऱ्याला वाटेल, दोन वर्षांत काही हललं नाही.

(पडद्यावर: खेळाडूचं पान)

आता आपल्या दोस्ताचा हा बचावपटू बघा. एकोणीस वर्षांचा. तिसऱ्या जोडीत खेळतो, सामन्याला अकरा-बारा मिनिटं. आता इथं, पासिंग आणि स्केटिंग. त्याच्या पहिल्या जोडीतल्या पस्तिशीच्या खेळाडूपेक्षा दोन्ही आत्ताच जास्त आहेत. बचावाचा आकडा कमी आहे, ते मान्य. पण ज्या सिम्युलेटरमध्ये खेळाडू हंगामातच वाढतात, तिथं पोराला मिनिटं मिळाली तर तो आकडाही चढतो. खाली बसवून ठेवला तर रखडतो. आणि याच पोरासाठी वरच्या टीमवाल्यानं आपल्या दोस्ताला दोन म्हातारे फॉरवर्ड देऊ केलेत. तो वैतागून हो म्हणायच्या बेतात होता. मी म्हटलं, अरे, हुरडा खायची हौस म्हणून अख्खं शेत कोवळंच काढशील तर कोठारात काय भरशील?

विकायचंच असेल तर पस्तिशीवाले विका. ज्यांचा करार यंदा संपतोय ते विका. ट्रेडच्या डेडलाइनला वरच्या टीमना तेच हवे असतात, आणि बदल्यात ड्राफ्ट पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क, मिळतात. फक्त एक ध्यानात ठेवा, मुद्दाम हरून पहिला पिक मिळेल या भरवशावर बसू नका. एनएचएलच्या लॉटरीत, म्हणजे पहिला पिक ठरवणाऱ्या सोडतीत, शेवटच्या संघाला पहिल्या पिकची शक्यता २५.५ टक्के असते, म्हणजे चारातली एक. २०२५ मध्ये सॅन होजे शेवटचे होते आणि पहिला पिक गेला न्यूयॉर्क आयलंडर्सकडे, ज्यांची शक्यता साडेतीन टक्के होती. आपल्या लीगची लॉटरी त्याच नियमानं चालते.

दोस्तानं तो ट्रेड नाकारलाय. पोराला दुसऱ्या जोडीत घेतलंय, सामन्याला अठरा मिनिटांच्या आसपास मिळतील. गोलीही बदललाय. गुणांत तो अजून तळालाच आहे, आणि प्लेऑफ गाठेल असं मी म्हणत नाही. पण काल रात्री सिमच्या तासभर आधी त्याच्या लाइन्स कमिशनरकडे पोचल्या होत्या.

ट्रेडची डेडलाइन मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. पुढच्या रविवारी मी तळातल्या चारही टीम एकेक करून पडद्यावर उघडणार आहे: शॉट्स, पीडीओ, फार्म टीम आणि करार, याच क्रमानं. दुसऱ्या लीगमधल्या कुणाला आपली टीम त्यात बघायची असेल, तर शनिवारी रात्रीपर्यंत टीमची फाइल पाठवा. फार्म टीमचं पान त्यात असू द्या, त्याशिवाय गोलीबद्दल मला काही सांगता येणार नाही.