पैसे यायला पिन लागत नाही

नमस्कार मंडळी, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, आणि त्याच नाशिकरोडला आज सकाळी मेथीची जुडी घेतली तर भाजीवाल्या मावशींनी क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे केला, वर तो छोटा स्पीकर बोलला "वीस रुपये प्राप्त हुए" तेव्हा कुठे त्यांनी पिशवी हातात दिली.

माझी आई पेन्शन काढायला जायची ना, तेव्हा स्लिप भरायची, पितळी टोकन घ्यायचं आणि कॅशियर नंबर पुकारेपर्यंत बाकड्यावर बसायचं, अख्खी सकाळ जायची. आता २०१६ ला यूपीआय आलं, २०१९ च्या डिसेंबरपासून एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, चोवीस तास सुरू झाली, रविवारी रात्री पुण्याला पोराच्या हॉस्टेलची फी भरता येते. खूप मोठी सोय आहे ही, मला मनापासून वाटतं. साध्या बटणवाल्या फोनवरूनही यूपीआय चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. घरोघरी आईवडिलांचं खातं मुलं चालवतात, पिनही मुलांकडेच, आणि ज्या बाईने आयुष्यभर पासबुकातली एकेक नोंद बोट लावून वाचली तिला आता आपल्या खात्यात किती आहेत ते विचारावं लागतं. मग एखाद्या दुपारी ती घरात एकटी असताना फोन येतो, "आजी, पेन्शनचा फरक जमा करतोय, फक्त पिन टाका", आणि तिला कोणी सांगितलेलंच नसतं की पैसे यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे जातात. आमच्याकडे असा फोन आला होता, आई थांबली म्हणून वाचलो. कुणाचे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहा झाला की आई मला एक रुपया पाठवते, चष्मा लावून, माझं नाव मोठ्याने वाचून, पिन माझ्यापासून लपवून. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली. काल मी कपबशा विसळून येईपर्यंत रुपया आला पण होता.