पानं गळाली की पाहुणे येतात

(दृश्य: सकाळ. निष्पर्ण पळस, फांद्याफांद्यांवर भोरड्यांचा गलका.)

होळी जवळ आली की आमच्या पळसावर पान उरत नाही. अहिराणीत पळसाला पयस म्हणतात. पाणी राखायचं म्हणून झाड पानं टाकून देतं आणि उघड्या फांद्यांवर फुलं पेटतात. फुलाला वास जवळजवळ नाहीच. पाखरांना बोलवायचं तर रंग लागतो, वास नाही. जवळून पाहा: काळ्या मखमली वाटीतून बाहेर आलेली पोपटाची चोच. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’

गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या भोरड्या. हिवाळाभर त्या दादर ज्वारीच्या कणसांवर उतरतात, म्हणून शेतकरी गोफण घेऊन उभा असतो. त्याचा राग मला समजतो. पण नाकतोडे आणि टोळ फस्त करणारीही हीच पाखरं. आता पळस-सावरीचा मध पिऊन त्या मध्य आशियाकडे निघतील, पिल्लं काढायला.

(दृश्य: मुरमाड जमीन, दगडांचा बांध.)

खान्देशातल्या पांझरा नदीच्या खोऱ्यातलं हे आमचं 20 गुंठे रान. काही पिकत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडीक होतं. आम्ही इथे पळस, काटेसावर, बहावा, करंज, बोर लावलं. गुलमोहर लावला नाही, तो मादागास्करचा. दिसतो देखणा, पण आम्हाला इथल्या मातीतलीच झाडं हवी होती. रोपांना पहिली दोन वर्षं हंड्याने पाणी घातलं. आता घालत नाही.

एका फाल्गुनात शेजारचा बांध पेटवला आणि आग आत शिरली. बांधाकडची सगळी बोरं गेली. त्या राखेत सगळ्यात आधी उगवली ती भुईरिंगणी.

(दृश्य: भुईरिंगणीचं फूल, अगदी जवळून.)

पायात मोडणारा काटा म्हणून हिला सगळे उपटतात. तिचं हे जांभळं फूल बसून बघण्यासारखं आहे. मधोमध पिवळे पुंकेसर, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रं. या फुलात मध नसतो. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि अंग थरथरवतो. ऐका, आवाज बदलला. त्या थरथरीने छिद्रांतून पराग झरतो, मीठदाणीतून मीठ पडावं तसा.

(दृश्य: वाळकं खोड. तांबटाची ‘टुक टुक’.)

कडुनिंबाचं हे वाळलेलं खोड सरपणाला द्या, असं गावाने अनेकदा सुचवलं. आम्ही ते उभं ठेवलं. त्यात तांबटाने ढोली कोरली, वरच्या पोकळीत पिंगळा राहतो. याच खान्देशात, शहाद्याजवळ, 1997 साली रानपिंगळा पुन्हा सापडला. त्याआधीची शेवटची खात्रीची नोंद 1884 ची; जगाने त्याला नामशेष धरलं होतं. तो सातपुड्याच्या जंगलातला, आमच्याकडे येणार नाही. पण त्यालाही लागते ती जुन्या झाडातली ढोलीच.

(दृश्य: ओटा. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, शिंजीर मादी.)

ओट्यावरची जाळी आम्ही चैत्रात झाडत नाही. ही मळकट पिवळी शिंजीर मादी त्यासाठीच येते. जाळ्याची तार चोचीत गुंडाळते आणि दुसऱ्या, हिरव्या कडुनिंबाच्या खालच्या फांदीकडे जाते. वाळकी पानं, सालपटं, कापूस, सगळं त्या तारेने बांधते. घरटं लोंबतं पिशवीसारखं. दार बाजूला आणि दारावर छोटंसं छप्पर. नर जांभळा, झळाळता, शेंड्यावरून गात राहतो. अंडी उबवते ती एकटी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या. पारा 40 अंशांवर. झोका दरवर्षी त्याच फांदीला असतो. दोर घेऊन मी निघालो, तर धाकटी भाची आधीच झाडाखाली उभी.

‘‘मामा, इथं नको. आत पिल्लं आहेत.’’

(दृश्य: पलीकडच्या फांदीला झोका. अलीकडे घरटं, दारातून बाहेर आलेल्या दोन चोची.)