पुसलेली पाटी आणि तिची किंमत

हिंजवडीहून काम आटोपून थेट आलेले बरेच श्रोते समोर दिसत आहेत, म्हणून प्रास्ताविक न लांबवता मूळ प्रश्नाकडे येतो. एखाद्या प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मेमरी मागितली की त्याला मिळणारे पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, कोरे नसते. काही क्षणांपूर्वी ते दुसऱ्या प्रक्रियेकडे (चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे) होते आणि तिचा मजकूर त्यावर तसाच पडून असतो. म्हणून दुसऱ्याच्या हाती पाटी देताना ती पुसून द्यावी, तसे कर्नल त्या पानावर सर्वत्र शून्य लिहितो आणि मगच ते देतो. हे पुसणे टाळून वेग मिळवावा का, हा आपला प्रश्न आहे.

खर्च खरा आहे, हे आधीच मान्य करतो. नेहमीचे पान 4096 बाइटचे असते, त्यामुळे 1 जीबी मेमरीसाठी 2,62,144 पाने पुसावी लागतात, आणि जो प्रोग्रॅम त्यांवर लगेच स्वतःचा डेटा लिहिणार आहे त्याच्या दृष्टीने ते श्रम वाया जातात. विंडोजमध्ये सर्वांत खालच्या प्राधान्याचा एक थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) रिकाम्या वेळात पाने पुसून ठेवतो. लिनक्समध्ये 2019 साली, 5.3 या आवृत्तीत, कर्नलच्या स्वतःच्या वापरातली मेमरीही देताना किंवा परत घेताना पुसण्याचे दोन पर्याय आले. त्यांच्यासोबत दिलेल्या मोजणीत कर्नल कंपाइल करताना परत घेतेवेळी पुसण्याने सुमारे 8 टक्के वेळ वाढला, तर देतेवेळी पुसण्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. कारण उघड आहे: देताना पुसलेले पान कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत, येते आणि प्रोग्रॅमला तिथेच सापडते, परत घेताना पुसलेले पान मात्र वापरात येण्याआधीच बहुधा कॅशमधून निघून जाते.

आता त्याच्या बदल्यात काय मिळते ते पाहू. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर वापरत असलेल्या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरमधल्या, 2014 मधल्या हार्टब्लीड दोषात एका विनंतीमागे 64 केबीपर्यंत मेमरी बाहेर जात होती. ती गळती भयंकर होती, पण सर्व्हरच्या त्या एकाच प्रक्रियेच्या मेमरीपुरती होती, कारण तिला मिळालेले प्रत्येक पान कर्नलने आधी पुसलेले होते. ते पुसलेले नसते, तर त्याच यंत्रावरच्या इतरांच्या पासवर्डचे तुकडेही त्याच वाटेने बाहेर जाऊ शकले असते.

यावर असे सुचवले जाते, की पान त्याच वापरकर्त्याच्या प्रक्रियेकडे जात असेल तर पुसू नये. मला हे पटत नाही. वापरकर्ता एकच आहे म्हणून विश्वासही एकच आहे, असे होत नाही. लॉगिनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारा एसएसएच-एजंट आपली मेमरी त्याच वापरकर्त्याच्या इतर प्रक्रियांनाही वाचू देऊ नये, असे कर्नलला मुद्दाम सांगतो. ब्राउझर अनोळखी संकेतस्थळांचा कोड ज्या प्रक्रियेत चालवतो तिचे हात बांधलेले असतात, पण ती चालते त्याच वापरकर्त्याच्या खात्यावर. एजंटचे न पुसलेले पान तिच्याकडे गेले, तर त्या साऱ्या बंदोबस्ताला अर्थच उरत नाही. पाषाणच्या आयसरमधील परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर, जिथे अनेक संशोधकांची कामे चालतात, वेगाचा मोह अधिक आहे आणि म्हणूनच काळजीही अधिक हवी.

लिनक्सने न पुसलेले पान मागण्याची सोय एकाच ठिकाणी ठेवली आहे: ज्या लहान यंत्रांत मेमरी व्यवस्थापन करणारे हार्डवेअरच नाही, तिथे. तिथे एक प्रक्रिया दुसरीची मेमरी तशीही वाचू शकते, त्यामुळे न पुसल्याने काही गमावले जात नाही. मोठ्या सर्व्हरवर मात्र हवा असलेला वेग कर्नलला हात न लावता मिळतो. जेमॅलॉकसारखा अॅलोकेटर, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत मेमरी वाटून देणारा भाग, मोकळी झालेली पाने लगेच कर्नलला परत न देता त्याच प्रक्रियेत पुन्हा वापरतो. ती किती वेळ जवळ ठेवायची हे ठरवता येते, आणि ती मुदत मुळात 10 सेकंद असते. हिशेब मांडायचा असेल, तर आधी ती मुदत वाढवून मोजणी घ्यावी.